एका खांचेचें अंतर

मोटारीच्या ज्या अवयवास ग्रंथांत ‘सुकाणूचक्र’ म्हणतात, त्यास आमच्या मुलुंडांत प्राध्यापकापासून रिक्षावाल्यापर्यंत सर्वजण ‘स्टिअरिंग’ असेंच म्हणतात. आणि ज्या शब्दानें व्यवहार चालतो तोच खरा शब्द, असें वर्गांत तीस वर्षें सांगत आल्यामुळें आम्हांलाही येथें तोच वापरणें भाग आहे. नांव कांहींही असो, मोटारीच्या सर्व अवयवांत हा एकच असा आहे कीं ज्याला मालकाचा हात एकसारखा लागलेला असतो. दार उघडून आपण तें विसरतों. आसन तर कोणालाही बसूं देतें. स्टिअरिंग मात्र चालविणाऱ्याच्या मुठींत असतें, आणि म्हणून गाडी म्हातारी झाली कीं तिच्यावर मालकाची जी कांहीं खूण उरते ती बहुधा तेथेंच उरते. हें आम्हांस पूर्वींच ठाऊक होतें. ती खूण किती निराळी असूं शकते हें मात्र गेल्या पावसाळ्यांत कळलें.

आमच्या घरीं १९६८ सालीं बनलेली एक फियाट अकराशें डिलाइट आहे. म्हणजे ती आमच्याहून दोन वर्षांनीं वडील. तिचें कूळ इटलीचें असलें तरी जन्म आमच्या घरापासून चार-पांच कोसांच्या आंतच झालेला आहे. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली व कुर्ल्यास कारखाना घातला. आरंभीं तेथें डॉज, प्लिमथ वगैरे अमेरिकन गाड्या जुळविल्या जात. पुढें फियाट कंपनीशीं संबंध जुळून १०८९ घनसेंटिमीटर एंजिनाची ही आटोपशीर गाडी तेथें होऊं लागली. तिच्या पहिल्या गोलमटोल अवतारास आपल्या लोकांनीं ‘डुक्कर फियाट’ असें नांव ठेविलें. त्यांत निंदेपेक्षां लळाच अधिक होता. मागाहून डिलाइट आली. १९७४ च्या सुमारास तीच ‘प्रीमिअर पद्मिनी’ झाली. आणि काळापिवळा वेष धारण करून तिनें मुंबईच्या कित्येक पिढ्यांना स्टेशनावर, इस्पितळांत आणि लग्नमंडपांत वेळेवर, अगर थोड्याशा उशिरानें, पोंचविलें.

त्या काळीं मोटार घेणें म्हणजे पैसे देऊन वस्तु आणणें नव्हे. नांव नोंदवावयाचें आणि मग वर्षानुवर्षें वाट पाहावयाची. आमचे वडील मुलुंडास डॉक्टर होते. रात्रीं-अपरात्रीं रोग्यांकडे जावें लागे, म्हणून त्यांनीं नांव नोंदविलें, आणि गाडी हातीं आली तेव्हां, आई सांगते, त्यांनीं पेढे वांटले नाहींत. पहिल्याच रात्रीं गाडी घेऊन ते एका बाळंतिणीकडे गेले. ते मितभाषी होते. रोग्यासही ते जेवढ्यास तेवढें सांगत. २००४ सालीं ते वारले, आणि गाडी आमच्या इमारतीच्या मागील बाजूस ताडपत्रीखालीं उभी राहिली. विकावीशी वाटेना; चालवावयास उसंत मिळेना. अशा रीतीनें जवळजवळ वीस वर्षें गेलीं.

ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईंतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली. ती बातमी वर्तमानपत्रांत वाचून आईनें चष्मा काढला व म्हणाली, “आपली मात्र अजून उभी आहे हो.” ती एवढेंच म्हणाली, पण आमच्या मनाला तें लागलें. उभी असणें आणि चालणें यांतील फरक चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईनें सांगावा आणि त्रेपन्न वर्षांच्या मुलानें ऐकून घ्यावा, हें बरें नव्हे. आम्हीं गाडी दुरुस्तीस काढली.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांची जी दुकानें आहेत, तीं आम्हीं त्यानंतर इतक्या वेळां पाहिलीं कीं तेथील पोरें आम्हांस भंगाराचा दलाल समजूं लागलीं. तेथें दिवे मिळाले, दारांच्या मुठी मिळाल्या, डाव्या बाजूचा टायरॉडही मिळाला. स्टिअरिंग मात्र मिळालें तें पद्मिनीचें, काळें व जाड. आमच्या गाडीचें होतें हस्तिदंती रंगाचें, बारीक कड्याचें, आंत हॉर्नची चकचकीत अर्धवर्तुळाकार कडी असलेलें. आंत पोलादाचें कडें आणि त्यावर टणक प्लॅस्टिकचा लेप अशी त्याची घडण. वीस उन्हाळ्यांत तो लेप आकसून जागोजाग तडकला होता, आणि दांड्या जेथें कड्याला मिळतात तेथें तर आंतलें लोखंड गंजून दिसूं लागलें होतें. नवें बसवावें कीं जुनेंच नीट करावें? आम्हीं जुनेंच नीट करण्याचें ठरविलें.

सरकारनें २०२१ सालीं पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठीं खास नोंदणीचे नियम केले, त्यांतही गाडी मूळ रूपांत असली पाहिजे अशी अट आहे. आणि तशी नोंदलेली गाडी प्रदर्शनें, जुन्या गाड्यांच्या फेऱ्या, दुरुस्ती, पेट्रोल भरणें अशा ठराविक कामांखेरीज रोज रस्त्यावर आणतां येत नाहीं. आईस देवळांत नेणें हें त्या यादींत कोठेंही बसेना, म्हणून आम्ही त्या नोंदणीच्या वाटेस गेलों नाहीं. परंतु मूळ रूपाची हौस मात्र आम्हांस त्या नियमाइतकीच होती.

तडे बुजविण्याची रीत पाहण्यासारखी आहे. तडा आहे तसा भरून भागत नाहीं. आधीं तो कानशीनें उघडून रुंद करावा लागतो, म्हणजे दोन्ही कडा निरोगी लागेपर्यंत दुखणें वाढवावें लागतें. मग लोखंडावरील गंज खरवडून, त्यावर गंज न चढणारा हात देऊन, दोन भाग कालवून घट्ट होणारी लांबी त्यांत ठासतात. ती चोवीस तास सुकली कीं पॉलिशपेपरनें घांसावयाची, घांसल्यावर खळगे दिसतात, ते पुन्हां भरावयाचे, पुन्हां घांसावयाचें. पंढरपुरास मूर्तीला वज्रलेप करतात तेव्हां भाविक मनांत जी धाकधूक असते, तीच आम्हांला त्या रंगाऱ्याच्या दुकानांत होत असे. वडिलांच्या मुठी जेथें पडत त्या दोन जागा इतर कड्याहून गुळगुळीत व किंचित् दबलेल्या होत्या. आम्हीं रंगाऱ्यास सांगितलें, “तेवढ्या दोन जागा भरूं नका.” तो म्हणाला, “सर, मग काम खराब दिसेल.” आम्हीं म्हटलें, “दिसूं दे.” त्यानें आमच्याकडे, विद्यार्थी आमच्याकडे कधीं कधीं पाहतात तसें पाहिलें.

स्टिअरिंग रंगून आलें आणि तें बसविण्याच्या दिवशीं आम्ही मिस्त्रीच्या गॅरेजांत हजर राहिलों. गॅरेज भांडुपला, लाल बहादुर शास्त्री मार्गापासून आंतल्या गल्लींत. मिस्त्री साठीच्या पुढचे, हयात फियाट गाड्यांत घालविलेले. स्टिअरिंग बसविणें म्हणजे दांड्यावर चक्र ठेवून नट आवळणें, एवढीच आमची समजूत होती. ती त्यांनीं अर्ध्या तासांत दूर केली.

दांड्याच्या टोंकावर सभोंवार बारीक उभ्या खांचा असतात, तशाच चक्राच्या मध्यभागीं आंतल्या बाजूस. त्या एकमेकींत बसतात, म्हणून चक्र दांड्यावर घसरत नाहीं; पण त्याच कारणानें तें पाहिजे त्या कोनांत न बसतां खांचेखांचेनेंच बसतें. एक खांच चुकली कीं गाडी सरळ चालली असतांना चक्र कड्यापाशीं दीड-दोन बोटें कलतें. चक्र काढतांना पुलर लावावा लागतो. हातोडीनें ठोकलें तर खालच्या पेटीस इजा होते. नटही पूर्ण काढावयाचा नसतो. चार आटे राखावयाचे, नाहीं तर अडकलेलें चक्र एकदम सुटून काढणाऱ्याच्या नाकावर येतें. मिस्त्रींनीं आपल्या नाकावरील एक जुना वण आम्हांस दाखविला. पुराव्यासह व्याख्यान द्यावें तें असें.

पुढें ते म्हणाले कीं बसवितांना तीन मध्य एका ठिकाणीं आणावे लागतात. दांड्याच्या बुडाशीं जी पेटी असते तिच्यांत एक मळसूत्र आणि त्यावर फिरणारें एक लहान चाक असतें. हीं दोन्ही मधोमध असतांना सर्वांत घट्ट भिडतात, आणि बाजूला गेलीं कीं किंचित् सैल होतात. म्हणून सरळ रस्त्यावर पेटी आपल्या मध्यावर असली पाहिजे. हा पहिला मध्य. त्याच वेळीं रस्त्यावरचीं चाकें सरळ असलीं पाहिजेत. तें टायरॉडांची लांबी कमीजास्त करून साधावयाचें. हा दुसरा. आणि मग चालविणाऱ्याच्या डोळ्यांपुढें चक्र सरळ दिसलें पाहिजे. हा तिसरा, आणि सर्वांत सोपा. म्हणून पुष्कळ लोक पहिले दोन सोडून तिसराच साधतात.

“तुमच्या गाडींत तेंच केलेलं होतं,” असें म्हणून त्यांनीं खिशांतून मोबाइल काढला. चक्र उतरविण्यापूर्वीं जवळून फोटो काढून ठेवण्याची त्यांची पद्धत आहे. त्या फोटोंत दांड्याच्या टोंकावर छिन्नीनें मारलेली एक बारीक रेघ होती, आणि चक्राच्या मध्यावर तशीच दुसरी. पण त्या दोन रेघा एकमेकींस मिळत नव्हत्या. त्यांच्यांत बरोबर एका खांचेचें अंतर होतें.

“चुकून झालं असेल,” आम्ही म्हणालों.

“चुकणारा माणूस आधीं खूण करत नाहीं, सर. ज्यानं ही खूण केली तो जाणता मिस्त्री होता. त्यानं आधीं खूण केली, चक्र काढलं, आणि मुद्दाम एक खांच सरकवून बसवलं. डावा टायरॉड मी बदलला तोही एकदां वांकून ठोकून सरळ केलेला होता. डावं चाक कशावर तरी जोरांत आपटलं असणार. टायरॉड पुरता सरळ झाला नाहीं, म्हणून चक्र वांकडं दिसायला लागलं. तें दिसूं नये म्हणून खांच सरकवली. पण पेटी वांकडीच राहिली, आणि पुढचे टायर खात राहिली. कधीं झालं होतं हें?”

आम्ही गप्प राहिलों. कधीं झालें तें आम्हांस ठाऊक होतें. जगांत तें फक्त आम्हांसच ठाऊक आहे, अशी आमची तीन तपांहून अधिक काळ समजूत होती.

१९८७ सालच्या जुलै महिन्यांतली ती गोष्ट. आमचें वय तेव्हां सतरा. वडील दुपारीं दवाखान्यांतून येऊन दोन ते चार पडत असत. आम्हीं त्यांच्या बॅगेंतून किल्ली काढली, आणि एका मित्रापुढें मिजास मिरविण्यासाठीं गाडी बाहेर काढली. गाडी चालवितां येते ही आमची समजूत होती, आणि ती वडिलांच्या शेजारीं बसून नुसतें पाहण्यावर आधारलेली होती. पाऊस पडत होता. पांच रस्त्यापाशीं एक हातगाडी आडवी आली. आम्हीं चक्र डावीकडे फिरविलें. आणि डावें चाक फुटपाथच्या दगडावर असें आदळलें कीं मित्राची टोपी समोरच्या कांचेवर गेली. कोणास लागलें नाहीं. पण परत येतांना गाडी सरळ न्यावयाची तर चक्र दोन बोटें कलतें धरावें लागे. आम्हीं चाकावरील चिखल धुतला, किल्ली बॅगेंत ठेविली, आणि रात्रभर जागे राहिलों.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं वडील नेहमीप्रमाणें गाडी घेऊन गेले, आणि नेहमीपेक्षां दोन तास उशिरा आले. जेवतांना ते कांहीं बोलले नाहींत. पण ते कधींच बोलत नसत. दुपारीं आम्हीं हळूच खालीं जाऊन कांचेंतून डोकावून पाहिलें, तर चक्र सरळ! भयानें आम्हांस काल भास झाला असावा, असा आम्हीं निष्कर्ष काढला. देवाचे आभार मानिले. वास्तविक ते कोणा मिस्त्रीचे मानावयास हवे होते. महिन्याभरानें एका रविवारीं वडिलांनीं आपण होऊन किल्ली आमच्या हातीं दिली आणि म्हणाले, “चल, शीक.” मुलुंडचे रस्ते आधीं आखून मग वसविलेले, सरळ आणि काटकोनांत वळणारे, शिकण्यास सोयीचे. आम्ही चक्राकडे पाहत होतों. ते म्हणाले, “गाडी सरळ चालली आहे कीं नाहीं हें चक्राकडे बघून कळत नाहीं. रस्त्याकडे बघ.” तें आम्हीं वाहनशास्त्रांतील सूत्र म्हणून लक्षांत ठेविलें. त्यानंतर कित्येक वर्षें पुढच्या टायरांच्या कडा लवकर झिजत, आणि वडील मुकाट्यानें नवे टायर घालीत. “रस्ते वाईट आहेत,” असें ते म्हणत.

गॅरेजांतील त्या लोखंडी स्टुलावर बसून हें सर्व आमच्या मनांत उलगडत गेलें. वर्गांत आम्हीं जन्मभर तांबडी पेन्सिल वापरली. चूक दिसली कीं तिच्याखालीं रेघ ओढावयाची, समासांत अभिप्राय लिहावयाचा, वेळ पडल्यास चारचौघांत वाचून दाखवावयाची. यालाच आम्ही शिक्षण म्हणत आलों. आमच्या वडिलांनीं मात्र मुलाची चूक स्वतः दुरुस्त करून घेतली, तिची खूण चक्राच्या पोटांत झांकून टाकली, आणि जें शिकवावयाचें तें महिन्यानें किल्ली हातांत देऊन शिकविलें. केवढें हें औदार्य, असें वाटून आमचे डोळे पाणावले. मिस्त्रींना वाटलें, पेट्रोलचा वास लागला असावा. त्यांनीं पंखा लावला.

मग त्यांनीं काम सुरू केलें. पुढचा भाग जॅकवर उचलला. दांडा एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत फिरवून फेरे मोजले. त्यांचें अर्ध करून पेटीचा मध्य धरला. चाकें सरळ आहेत याची दोरी लावून खात्री केली. मग दोन्ही हातांनीं चक्र उचलून, जुन्या दोन रेघा एकमेकींसमोर आणून, तें दांड्यावर हलकेंच ठेविलें. खांचेंत खांच बसली. वॉशर, नट, पाना. आम्हीं विचारलें, “या रेघा पुसून तर टाकणार नाहीं ना?” ते म्हणाले, “खूण कशाला पुसायची? पुढच्या मिस्त्रीला लागते.” हॉर्नची कडी दाबली तर आवाज होईना, त्यांनीं पुन्हां मधलें झांकण काढून आंतली पितळी पट्टी किंचित् वर वांकविली, आणि हॉर्न असा वाजला कीं गल्लींतलीं दोन कुत्रीं उठून गेलीं. तो आवाज आम्हांस वीस वर्षांनीं ऐकूं आला.

लागलीच आलेल्या रविवारीं सकाळीं आईस देवळांत न्यावयाचें ठरलें. ती पुढच्या बाकावर, आपल्या नेहमींच्या जागीं, डाव्या बाजूस बसली. पांच रस्ता जवळ आला तेव्हां आम्हांस राहवेना. आम्हीं तिला सगळें सांगितलें: किल्ली, पाऊस, हातगाडी, दगड, चक्र, एका खांचेचें अंतर. तिला आश्चर्य वाटेल, अशी आमची अपेक्षा होती.

ती बाहेर पाहत होती. म्हणाली, “मला ठाऊक आहे रे. त्याच दिवशीं त्यांनीं मला सांगितलं. मी म्हटलं, विचारा त्याला. तर म्हणाले, विचारलं कीं तो खोटं बोलेल, आणि मग त्याला तें खोटं सांभाळत बसावं लागेल. आपण विचारायचं नाहीं. तो सांगेल.”

आम्हीं विचारलें, “मग?”

“मग काय? शिकवायला घेऊन जायचे तेव्हां परत आल्यावर मी विचारायची, सांगितलं का? म्हणायचे, अजून नाहीं. पुढं मी विचारायचं सोडलं.”

गाडी सरळ चालली होती. गॅरेजांत ज्याला आम्हीं औदार्य म्हटलें, तें अर्धेंच खरें होतें. आमच्या वडिलांनीं ती चूक झांकली नव्हती. आमच्यासाठीं एक जागा मोकळी ठेविली होती, आणि सतरा वर्षें वाट पाहिली होती. मोटारीसाठीं वाट पाहणाऱ्या त्या पिढीस वाट पाहण्याची संवय होती खरी. पण मोटार अखेर आली. आम्हीं चक्र सरळ दिसतें एवढ्यावर समाधान मानिलें, आणि खालची पेटी वांकडीच राहूं दिली. तांबड्या पेन्सिलीला आम्हीं गॅरेजांत नांवें ठेविलीं, तीं तितकीशीं खरीं नव्हेत, असेंही आतां वाटतें. जी चूक कोणी दाखवीत नाहीं, ती आपण होऊन सांगण्याचा धीर ज्याच्या अंगीं असेल त्यालाच मौनाचें शिक्षण मानवतें. आमच्या अंगीं तो नव्हता. रागावले असते तर आम्हीं कबूल केलें असतें. आणि मग कदाचित् त्या दोघांची वाट पाहणें वांचलें असतें. पण मागल्या खांचा आतां मोजून काय उपयोग?

देवळापाशीं गाडी उभी करून आम्हीं आईस उतरविलें. तिनें वाकून आंत पाहिलें, हस्तिदंती कड्यावर हात फिरविला, आणि न भरलेल्या त्या दोन दबलेल्या जागांपैकीं एकीवर तिचा अंगठा क्षणभर थांबला. “रंग चांगला जमलाय,” ती म्हणाली.

असो. जी गोष्ट १९८७ पासून २००४ पर्यंत केव्हांही, जेवतांना, गाडींत, अगर इस्पितळांतल्या खाटेपाशीं, दोन वाक्यांत सांगतां आली असती, ती आज आम्हीं वाचकांस साक्षी ठेवून येथें सांगितली आहे. बाबा, दगडावर गाडी आम्हींच घातली होती.